सभागृह ते नदीकाठ

नागपूरच्या विद्याजीवनात २०२३ हे वर्ष मानाचे ठरले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशन भरले. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३ जानेवारीला दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्‌घाटन केले. महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकास आणि त्यासाठी विज्ञान-तंत्रज्ञान हा अधिवेशनाचा मुख्य विषय होता. मार्च महिन्यात जी-२० च्या निमित्ताने नागरी संघटनांची ‘सी-२०’ प्रारंभिक परिषद याच शहरात झाली. तिच्या कार्यगटांपैकी एक गट नद्यांचे पुनरुज्जीवन आणि जलव्यवस्थापन या विषयाला वाहिलेला होता. ऑगस्टमध्ये विद्यापीठाने आपल्या स्थापनेची शंभर वर्षे पूर्ण केली. देशोदेशीचे विद्वान आले, निबंध वाचले गेले, ठराव झाले, पर्यावरणरक्षणाच्या शपथा घेतल्या गेल्या.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला. अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. तलाव आधीच भरलेला होता. सांडव्यावरून निघालेले पाणी नाग नदीच्या आक्रसलेल्या पात्रात मावले नाही आणि ते अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी अशा वस्त्यांत शिरले. मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेले. मूकबधिर विद्यालयातील मुलांना आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी बाहेर काढले. सैन्याला पाचारण करावे लागले. हजारो घरांची वाताहत झाली आणि किमान चार नागरिकांना प्राण गमवावे लागले. ज्या सुशिक्षित मध्यमवर्गीय वस्त्यांतून विज्ञान अधिवेशनाला श्रोते गेले असतील, त्याच वस्त्यांत त्या पहाटे गळ्याएवढे पाणी होते.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध जोडण्याचा प्रश्न नाही. विज्ञान अधिवेशनामुळे पूर येत नाही आणि अधिवेशनाने तो थांबतही नाही. तथापि, पर्यावरणावर वर्षभर एवढी चर्चा करणाऱ्या शहराला आपल्या अंगणातून वाहणाऱ्या नदीची वहनक्षमता किती उरली आहे याची जाणीव पूर आल्यानंतर व्हावी, ही बाब आत्मपरीक्षण करावयास लावणारी आहे. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांतून होणारी व्याख्याने, परिसंवाद आणि कार्यशाळा यांचे फलित काय, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

अशा कार्यक्रमांची आज वाण नाही. ५ जूनचा पर्यावरण दिन, २२ मार्चचा जल दिन, २२ एप्रिलचा वसुंधरा दिन या तिथी महाविद्यालयांच्या दिनदर्शिकेत पक्क्या बसल्या आहेत. दीपप्रज्वलन होते, रोप देऊन पाहुण्यांचे स्वागत होते, हवामानबदलावर पडद्यावर आलेख दाखविले जातात, उपस्थितांना प्रमाणपत्रे मिळतात आणि छायाचित्रांसह अहवाल मूल्यांकन समितीच्या धारिकेत जाऊन बसतो. या खटाटोपात प्रामाणिक प्राध्यापक नाहीत असे नाही. पुष्कळ आहेत, आणि त्यांचीच घुसमट अधिक होते. कार्यक्रम झाला म्हणजे काम झाले, अशी समजूत व्यवस्थेत मुरली की चांगला शिक्षकही हताश होतो.

मुळात हेतू असा नव्हता. पर्यावरण हा विषय पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अनिवार्य झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने १९९१ साली पहिला निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा खडसावले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम लागू करावा लागला. पुण्याचे डॉ. एराक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक सिद्ध केले. त्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचा स्वतंत्र घटक होता. विद्यार्थ्याने जवळची नदी, वन, टेकडी किंवा प्रदूषित ठिकाण प्रत्यक्ष पाहावे आणि त्याची नोंद करावी, ही अपेक्षा होती. पुढे काय झाले ते पालकांना ठाऊक आहे. प्रकल्पवही झेरॉक्सच्या दुकानात आयती मिळू लागली. नाग नदीवरील प्रकल्प लिहून पूर्ण गुण मिळविलेल्या विद्यार्थ्याला ती नदी लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते हे सांगता आले तरी, आपल्या घरचे सांडपाणी कोणत्या नाल्याने तिच्यात जाते हे सांगता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने २०२३ मध्ये पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली. ती चांगली आहेत. परंतु जुन्या अभ्यासक्रमातील चांगली तरतूद ज्या रीतीने वाया गेली, त्याच रीतीने नवी तरतूदही वाया जाऊ शकते.

नागपूरच्या बाबतीत हे अपयश अधिक खटकते, कारण भूमी, जल आणि वायू यांचा अभ्यास करणाऱ्या इतक्या संस्था एकत्र असलेली शहरे देशात थोडी आहेत. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ‘नीरी’, येथे १९५८ पासून कार्यरत आहे. प्रारंभी तिचे कार्य सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचे होते, १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. वर्धा मार्गाकडे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. सोनेगावला हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. अंबाझरीला लागून विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, आणि त्याच भागात अमरावती मार्गावर विद्यापीठाचा विस्तीर्ण शैक्षणिक परिसर आहे. माती, पाणी, पीक, पाऊस आणि अभियांत्रिकी या प्रत्येक विषयाचे जाणकार काही किलोमीटरच्या परिघात बसलेले आहेत. ते परस्परांच्या परिसंवादांना अध्यक्ष म्हणून जातातही. पण अंबाझरीच्या काठावर एकाच वेळी उभे राहून एकाच प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा त्यांनी विद्यार्थ्यांसह केला, असे चित्र नागपूरकरांना क्वचितच दिसले.

मोजण्याची सवय नसली म्हणजे काय होते याचे उदाहरणही येथलेच आहे. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद दाखविली. क्षणार्धात ती वार्ता देशभर झाली. सृष्टीचा अंत जवळ आल्याची भाकिते सुरू झाली. हवामान खात्याने तपासणी करून संवेदक सदोष असल्याचे आणि ती नोंद चुकीची असल्याचे स्पष्ट केले, तोवर भीती पसरून झाली होती. नागपूरचा उन्हाळा कडक आहे, याविषयी वाद नाही. २०१६ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा करणाऱ्या राज्यातील पहिल्या शहरांत नागपूर होते, ते उगाच नव्हे. परंतु शहराच्या महाविद्यालयांतून रोजचे तापमान नियमाने टिपणारे शेकडो विद्यार्थी असते, तर त्या दिवशी दुपारीच कुणीतरी आपली वही उघडून ‘आमच्याकडे एवढे नाही’ असे सांगू शकले असते. अतिरंजित भीती आणि बेफिकीर नकार या दोहोंवर उपाय एकच, तो म्हणजे स्वतः घेतलेली आणि जपून ठेवलेली नोंद.

जागतिक हवामानचर्चेत भारताची बाजू न्याय्य आहे आणि ती ठामपणे मांडली गेलीच पाहिजे. भारताचे दरडोई कर्बउत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि अमेरिकेच्या तुलनेत तर ते फारच अल्प आहे. दीड-दोन शतके कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झालेल्या राष्ट्रांनी भारतीय शेतकऱ्याच्या चुलीचा आणि गोठ्याचा हिशेब विचारावा, हा दांभिकपणा आहे. ग्लासगो येथे २०२१ मध्ये भारताने पर्यावरणस्नेही जीवनशैलीचा विचार जगापुढे ठेवला, त्यामागे उपभोगाला मर्यादा घालणारी हिंदू जीवनदृष्टीच उभी होती. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईत एकात्म मानव दर्शनाची मांडणी केली, तेव्हा निसर्गाला जेवढे सहज भरून काढता येईल तेवढेच त्याच्याकडून घ्यावे, हे सूत्र त्यांनी सांगितले होते. जगाने ‘पर्यावरण’ हा शब्द राजकारणात आणण्यापूर्वीचा तो काळ होता. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्ताने तर भूमीशी माता-पुत्राचे नाते सांगितले आहे.

हे सर्व खरे आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. जगाच्या व्यासपीठावर जो न्याय भारत मागतो, तो नागपूर आपल्या शेजाऱ्याला देते काय? नाग नदी शहराची घाण घेऊन पूर्वेकडे जाते, कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे आंभोऱ्याजवळ वैनगंगेत विलीन होते. तेथून ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. भंडारा जिल्ह्यातील गावे हे पाणी पितात, त्यात मासेमारी करतात, त्यावर धान पिकवितात. वैनगंगेच्या काठावरील ढीवर बांधवाच्या जाळ्यात नागपूरच्या सुखवस्तू घरातील मोरीचे पाणी येते. श्रीमंत राष्ट्रांचा धूर गरीब राष्ट्रांनी सोसावा हे जर अन्यायाचे असेल, तर शहराचे सांडपाणी खालच्या गावांनी सोसावे हेही तितकेच अन्यायाचे आहे. समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी हा प्रश्न टाळता कामा नये. नदीला माता म्हणणे आणि तिच्यात नाले सोडणे या दोन गोष्टी एका जिभेला आणि एका हाताला शोभत नाहीत.

शासन आणि महापालिका काही करीत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांना पुरविण्याचा नागपूरचा उपक्रम देशात अग्रेसर मानला गेला. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी १,९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना मंजूर झाली आहे. महापुरानंतर अंबाझरीच्या बांधाच्या मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले. पण कोट्यवधींच्या योजना समाजाने डोळे उघडे ठेवले तरच फळतात, हा गंगेपासूनचा अनुभव आहे. १९८६ साली सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत यंत्रे उभी राहिली, ती चालतात की नाही हे पाहणारा समाज उभा राहिला नाही.

येथे एक नाजूक उल्लेख आवश्यक आहे. अंबाझरीच्या सांडव्याजवळ उभारलेल्या स्वामी विवेकानंदांच्या स्मारकाच्या जागेचा प्रश्न महापुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. स्वामीजींवरील श्रद्धा हा वादाचा विषय होऊच शकत नाही. जागेची निवड हा मात्र अभ्यासाचा विषय आहे. सांडव्याच्या वाटेवर काय बांधावे आणि काय बांधू नये, हे सांगणारे विद्वान हाकेच्या अंतरावर होते. त्यांना वेळीच विचारले गेले नाही, किंवा त्यांनी होऊन सांगितले नाही. दोन्हींपैकी काहीही घडले असले तरी त्यात विद्यापीठ आणि समाज यांच्यामधील अंतर दिसते. स्वामीजींनी ज्या कर्मयोगाचा उपदेश केला, त्यात परखड अभ्यासाला भावनेपेक्षा कमी स्थान नव्हते.

हे अंतर कमी करण्याचा मार्ग फार खर्चाचा नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जवळचा एक तलाव, एक नाला किंवा नदीचा एक टप्पा कायमचा दत्तक घ्यावा. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, नाईक तलाव, लेंडी तलाव अशी तळ्यांची मालिका शहराला लाभली आहे. वर्षाच्या ठराविक तिथींना त्या ठिकाणच्या पाण्याची पातळी, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू, काठावरील वृक्ष आणि पक्षी यांची नोंद विद्यार्थ्यांनी घ्यावी. नीरीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना पद्धत शिकवावी. तुकडी बदलेल, वही बदलू नये. दहा वर्षांनी अशा वहीला जे मोल येईल, ते शंभर प्रमाणपत्रांना येणार नाही. आणि पर्यावरण दिनाचे व्याख्यान द्यावयाचे असेल तर ते त्या तळ्याच्या पाळीवर द्यावे. वर्षभराच्या नोंदी परिसरातील नागरिक, नगरसेवक आणि अधिकारी यांच्यापुढे वाचून दाखवाव्यात. आकडे समोर आले की आश्वासनांना जबाबदारी चिकटते.

व्याख्याते कोण असावेत याचाही विचार व्हावा. भारतीय ज्ञानपरंपरा हा शब्द आज प्रत्येक परिपत्रकात आहे. पूर्व विदर्भात ती परंपरा अजूनही पाण्याने भरलेली दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या कुशल हातांनी त्यांतील कितीतरी तलाव बांधले. उताराचा अंदाज, पाळीची जाडी, सांडव्याची जागा, एका तलावाचे पाणी दुसऱ्याला देण्याची रचना हे सारे त्यांनी अभियांत्रिकीच्या पदवीविना साधले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढण्याची गावाची परंपरागत शिस्तही मोडली. आज त्या तलावांच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न काही ठिकाणी चालू आहेत. हवामानबदलावरील कार्यशाळेत परदेशी विद्यापीठातील प्राध्यापकाचे स्वागत अवश्य व्हावे. त्याच मंचावर एखाद्या कोहळी शेतकऱ्याला आणि ढीवर ज्येष्ठालाही बोलवावे, आणि नमुन्यादाखल नव्हे तर मार्गदर्शक म्हणून बोलवावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. विद्यापीठाचे काम अध्ययन-अध्यापनाचे आहे, नाले तपासण्याचे नव्हे, असे काही म्हणतील. विद्यार्थ्यांना सफाई कामगार करावयाचे नाही, हे मान्यच आहे. परंतु निरीक्षण आणि नोंद यांवाचून कोणते अध्ययन होते? ज्या राष्ट्रसंतांचे नाव २००५ पासून या विद्यापीठाला लाभले आहे, त्यांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला अध्यात्माच्या पंक्तीला बसविले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात स्वच्छ नदी हा विषय परीक्षेच्या पानापुरता राहणे शोभणारे नाही.

हे होऊ शकते याचा पुरावाही नागपूरनेच दिला आहे. गणेशविसर्जनाच्या वेळी फुटाळ्याच्या काठावर एकेकाळी जे चित्र दिसे, ते आज पालटले आहे. कृत्रिम हौदांत विसर्जन आणि निर्माल्याचे स्वतंत्र संकलन ही पद्धत कुटुंबांनी स्वीकारली. केवळ मनाईच्या आदेशाने हे घडले नाही. काठावर रात्री उशिरापर्यंत उभे राहून, हात जोडून, प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगणारे तरुण-तरुणी त्यामागे होते. श्रद्धेला धक्का लावावा लागला नाही. श्रद्धेनेच तलावाची काळजी घेतली. हिंदू समाजाला आपल्या प्रथांमध्ये कालोचित पालट करता येतो, हे त्यातून पुन्हा एकदा सिद्ध झाले.

संघकार्याच्या शताब्दीच्या पार्श्वभूमीवर ‘पंच परिवर्तना’चा जो आग्रह समाजापुढे आला, त्यात सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, ‘स्व’चा बोध आणि नागरिक कर्तव्य यांच्यासमवेत पर्यावरणाला स्थान आहे. पर्यावरण गतिविधीचे कार्यकर्ते आणि विद्यार्थी परिषदेचे ‘विकासार्थ विद्यार्थी’ या क्षेत्रात काम करीत आहेत. कार्यकर्त्यांना कार्य आणि कार्यक्रम यांतील भेद सांगावा लागत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या उत्सवाने संघटना उभी राहत नाही, ती नित्य शाखेने उभी राहते, हे तत्त्व त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. तेच तत्त्व नदीला लागू करण्याची ही वेळ आहे. विद्यापीठातील कार्यशाळेनंतर जे दहा विद्यार्थी पुढच्या रविवारी पुन्हा काठावर येतील, त्यांच्याकडे लक्ष देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. कुटुंबांनीही आपल्या मुलाला ‘प्रकल्पात किती गुण मिळाले’ एवढेच न विचारता ‘काय पाहिलेस’ हे विचारावे.

महालातून रेशीमबागेकडे जाताना नाग नदी ओलांडावी लागते. गेल्या शंभर वर्षांत अक्षरशः लाखो स्वयंसेवक देशाच्या कानाकोपऱ्यातून येऊन त्या वाटेने गेले असतील. ज्या नदीने या शहराला नाव दिले, तिच्यावरून जाताना आज नाकाला रुमाल लावावा लागतो. ती पुन्हा निर्मळ व्हावयास वर्षे लागतील आणि ते काम एका विद्यापीठाचे किंवा एका संघटनेचे नाही. परंतु पुढच्या ५ जूनला नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयाने सभागृहाची आरक्षणे रद्द करून विद्यार्थ्यांना वही, तापमापक आणि पाण्याचे नमुने घेण्याच्या बाटल्या देऊन काठावर नेले, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही नेले, तर त्या कामाचा आरंभ झाला असे म्हणता येईल. पावसाळा दरवर्षी येणारच आहे. २३ सप्टेंबरच्या पहाटेने दिलेला धडा त्यापूर्वी गिरविला जावा, एवढीच या शहराच्या विद्वत्तेकडून अपेक्षा आहे.